सहज बसा

अमृतनं मेन स्विच खाली ओढला आणि मला वाटलं माझ्या कानाचंच काहीतरी बिनसलं. दोन्ही यंत्रमाग एकदम थांबले नाहीत. पट्टे थोडा वेळ फिरत राहिले, एका मागाचा आडवा धागा नेणारा धोटा अर्ध्या वाटेत अडकला, छताच्या पत्र्याची थरथर हळूहळू निवली, आणि मग त्या घरात काहीच उरलं नाही. बेळगावच्या वडगावातली ती गल्ली विणकरांची. भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचे माग चालूच होते. त्यामुळं हे घर जास्तच मुकं वाटायला लागलं, हसणाऱ्या तोंडातला समोरचा एकच दात पडावा तसं. 'हां, आता बरं,' अमृत म्हणाला. हात झटकत म्हणाला, जणू स्विचला काही लागलेलं होतं. 'मॅडम, आता आई-आप्पांना जरा सहज करा.' सहज करा. मी ते दोन शब्द चघळत उभी राहिले. जसं काही सहजपणा मी बॅगेतल्या डबीत घालून आणलाय आणि दोन बोटं याच्या आईबापाच्या तोंडाला फासायची आहेत. ज्या घरात ही दोन माणसं जन्म काढतात, त्या घरात त्यांना सहज करायला पिरनवाडीहून स्कूटरवर एक परकी बाई यावी लागते, आणि ती येते त्याच मिनिटाला पोटचा पोरगा घराचा आवाज बंद करतो. मला राग आला होता, आणि माझा राग तोंडाला उशिरा येतो.

मी सुवर्णा. लोकांच्या घरी जाऊन घरातल्या माणसांचे फोटो काढते. लग्नं घेत नाही, बारशी घेत नाही. नुसतं घर आणि त्यातली माणसं. हे कुणी शिकवलं नाही. मोबाइलवर व्हिडिओ असतात, कुटुंबाला मोकळं कसं करावं, मुलांना आवडतं कार्टून विचारा, आजोबांना विनोद सांगा. मी ते पाहिले आणि बंद केले. माझी रीत वेगळी आहे. मी बराच वेळ कॅमेरा बाहेरच काढत नाही. चहा पिते आणि कपबशी स्वतः उचलून मोरीत न्यायला लागते. मग घरची बाई 'ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या' करत मागं धावते, आणि मोरीपाशी पोचते तेव्हा तिच्या तोंडावर तिचा स्वतःचा चेहरा असतो. शेंगा फोडायच्या असतील तर शेंगा फोडते. माणूस हाताला काम लागलं की तोंड विसरतो, आणि तोंड विसरलं की फोटो होतो. एवढंच माझं शास्त्र. आणि एक नेम आहे, कुणाच्या हनुवटीला बोट लावायचं नाही. माझ्या हनुवटीला लागलेलं आहे. स्थळांना पाठवायला फोटो हवा म्हणून घरच्यांनी मला बेळगावच्या एका स्टुडिओत नेलं होतं. मागं धबधबा रंगवलेला पडदा, पुढं प्लास्टिकची कुंडी. 'सहज बसा, चेहरा सैल सोडा,' म्हणत त्या माणसानं माझी हनुवटी दोन बोटांत धरून वर केली. बोटांना तंबाखूचा वास. मी त्याचा हात झटकला आणि नेमकं तेव्हाच त्याच्या दुसऱ्या हातानं बटण दाबलं. फोटोत माझा हात धुरासारखा हललेला आहे आणि डोळे थेट मारायला निघाल्यासारखे. दुसरा काढायला मी बसले नाही, त्यामुळं तोच सगळीकडं गेला. खानापूरच्या स्थळाकडून निरोप आला, पोरगी तापट दिसते. बरोबर दिसत होते. आजही मला तो माझा सगळ्यात खरा फोटो वाटतो.

तर अमृतचं घर. अमृत बेंगळुरात कुठल्याशा कंपनीत मोठा माणूस. नवा फ्लॅट घेतलेला, तिथल्या हॉलच्या भिंतीवर आईवडिलांचा मोठा फोटो लावायचा, पुढं वास्तुशांतीला ऑफिसची माणसं येणार. म्हणून तो बायकोला, मंजुश्रीला, घेऊन दोन दिवस गावी आला होता. मंजुश्री हुबळीची, नवऱ्याशी कानडीत आणि सासूशी अडखळत मराठीत बोलणारी. फोनवरच त्यानं मला बजावलं होतं, मॅडम, माग दिसायला नको. मी म्हटलं, आधी घर बघू. मी पोचले तर बाकी सगळं आधीच उरकलेलं. माग थांबल्याबरोबर अमृतनं त्यांच्यावर मोरांच्या चादरी टाकल्या, चादरींपुढं सोफा ओढलेला, सोफ्यामागं शेवंतीच्या माळा सोडलेल्या, आणि सोफ्यावर आण्णाप्पा आणि मालुबाई. आण्णाप्पांच्या अंगात घडी न मोडलेला पांढरा शर्ट, कपाळाला विभूतीचे पट्टे, हात गुडघ्यांवर. मालुबाईंच्या अंगावर पोरानं बेंगळुराहून आणलेली साडी, आणि तिच्या काठावर अंगठा घासत त्या बसलेल्या. साड्या विणणाऱ्या घरातली बाई, अंगावर दुकानातली साडी. दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा. आधार कार्डाच्या रांगेतनं उचलून आणून बसवल्यासारखी दोघं.

'आप्पा, जरा जवळ सरका की,' मी म्हटलं.

सरकले. शर्ट तेवढा सरकला, माणूस तिथंच राहिला. मी चहा मागितला, मंजुश्रीनं आणला, म्हणजे मालुबाईंनी उठायचं कारणच गेलं. कपबशी उचलली तर अमृत म्हणाला, मॅडम, ते राहू द्या, उजेड जाईल. लग्न कसं ठरलं ते विचारलं. 'ठरलं,' मालुबाई म्हणाल्या. पोरगा लहानपणी कसा होता ते विचारलं. 'होता बरा.' माझ्या सगळ्या युक्त्या त्या सोफ्यापुढं येऊन एकेक करून आडव्या पडत होत्या, आणि मला कळत होतं की चूक युक्त्यांची नाही, काहीतरी या खोलीतच नाही, हवेतनं काहीतरी काढून घेतलंय आणि ही माणसं पाण्याबाहेरचा मासा शेवटी जसा शांत होतो तशी शांत झाली आहेत.

'आप्पा, मावशींशी काहीतरी बोला की. रोज बोलता तसं.'

आण्णाप्पांनी मनापासून विचार केला. 'रोज माग चालू असतोय,' ते म्हणाले.

त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि अमृतनं मागून सांगितलं, आप्पा, डोळे मिटू नका, लेन्समध्ये बघा. आण्णाप्पा बघत राहिले. पापणी न हलवता, मान ताठ, विभूती, पांढरा शर्ट, मागं शेवंतीच्या माळा. आणि तेव्हाच दारात रुक्माबाई आली. शेजारची, डोक्यावरचा पदर सुटलेला, हातात चहाची किटली, आणि तिच्या मागं गल्लीतले दोघं-तिघं टोप्या हातात घेऊन. रुक्माबाईनं आत बघितलं. किटली नीट भिंतीकडेला टेकवली, सांडणार नाही अशी, आणि मग तिनं जो हंबरडा फोडला तो ऐकून माझ्या हातातनं कॅमेरा निसटायचा राहिला. 'आण्णाप्पा दादा, असं कसं गेलासा वो. माझ्या मालूला कुणाच्या दारात बसवलासा वो.'

हे घर लिंगायतांचं. त्यांच्यात मयताला आडवं नेत नाहीत. अंघोळ घालून, नवे कपडे घालून, विभूती लावून, हारफुलांत बसवतात. ज्याला हे ठाऊक आहे त्यानं एकदा त्या सोफ्याकडं बघावं आणि मग रुक्माबाईला हसावं.

'रुक्मा,' आण्णाप्पा म्हणाले, लेन्समधनं नजर न काढता, 'गळा काढू नगो. हाय मी.'

हंबरडा मध्येच तुटला. रुक्माबाई पुढं आली, त्यांच्या तोंडाशी वाकून बघितलं, आणि मग तिला खरा राग आला. 'मग माग का बंद हाय तुमचा? आज आमुशाची सुट्टी न्हाय. करंट हाय, माझा माग चालू हाय. भरदिवसा दोन्ही माग बंद म्हटल्यावर माणसानं काय समजायचं? ह्या घरात आज चूल पेटायची न्हाय म्हणून मी चा करून आलोय.'

'फोटू काढालेत गं,' मालुबाई म्हणाल्या.

'फोटूला मरायचं कशाला?'

मागच्या टोपीवाल्यांपैकी एकजण खाकरला. 'मी हाराचं सांगून आलोय बगा चौकात.'

'केवढा सांगितलास?' आण्णाप्पांनी विचारलं.

'मध्यमच.'

'मध्यम,' आण्णाप्पा मालुबाईंना म्हणाले. 'ऐकलीस काय? एवढा जलम गल्लीत काढला आणि हार मध्यम.'

आणि मालुबाई हसल्या. दुकानातल्या साडीचा पदर तोंडात कोंबून हसल्या, रुक्माबाई मटकन खाली बसून हसायला लागली, मयताचा चहा मयतानंच बशीत ओतून प्यायला, आणि मी फोटो काढले. पटापट काढले. अमृत माझ्या खांद्यावरनं कॅमेऱ्याच्या पडद्याकडं बघत होता, आणि तो सुटकेचा श्वास टाकून म्हणाला, 'हेच. बघा, किती मोकळे झाले. झालं तुमचं काम.' खोटं बोलत नव्हता. हसणारे आईबाप, मागं मोर, शेवंती. कुठल्याही भिंतीवर चाललं असतं. मी तिथंच बॅग भरली असती तर सगळे खूश. मला मात्र ते पटत नव्हतं, कारण पडद्यावर मला ती दोघं दिसत होती, आणि ती दोघं कुठंही असू शकली असती. डेंटिस्टच्या दारातही लोक हसतात.

गल्लीतली माणसं गेली. आण्णाप्पा मात्र परत बसले नाहीत. सोफ्यामागं गेले आणि त्यांनी मोराची चादर एका टोकाला धरली.

'आप्पा, झालंय, आता नको,' अमृत म्हणाला.

'बंद मागाफुडं बसलेला माणूस मेलेलाच दिसणार,' आण्णाप्पा म्हणाले. 'रुक्माचं काय चुकलं?' आणि चादर ओढली. खाली माग होता तसाच, अर्धी विणलेली हिरवी साडी, अडकलेला धोटा.

'मी तिकडं सगळ्यांना सांगितलंय तुमचा टेक्स्टाइलचा बिझनेस आहे म्हणून.'

'मग ह्यो काय हाय? भाताची गिरण?'

मंजुश्रीला हसू आलं. तिनं ते लपवलं नाही. अमृत लाल झाला आणि त्यानं बापावरचा मोर्चा माझ्याकडं वळवला, कारण बाप आवरत नाही तेव्हा माणसं बोलावलेल्या बाईला आवरायला बघतात. 'मॅडम, यांना काय करायचं ते करू दे. समजा माग आला फोटोत, तर तुम्ही नंतर पुसून टाका. आता मोबाइलवर नुसतं बोट फिरवलं की पुसतं. मागं साधी भिंत टाका. आईच्या हाताला धाग्याच्या कांड्या भरून जे घट्टे पडलेत तेही जरा.' त्यानं हवेत बोट फिरवून दाखवलं. आईचे हात पुसून दाखवले.

माझी आई गेली तेव्हा घरात तिचा एकटीचा एकही फोटो नव्हता. जन्मभर पिरनवाडीच्या शेतात वाकलेली बाई, तिचा फोटो कोण काढणार. मिळाला तो कुणाच्या तरी लग्नातला, मागच्या रांगेतला, एका फेट्याआडून निम्मा चेहरा. स्टुडिओवाल्यानं तो कापला, निम्म्याचा पुरा केला आणि मानेखाली दुसरी बाई जोडली. मोरपंखी पैठणी, गळ्यात जाडजूड दागिने, गोरे गोरे हात. वडिलांनी, मारुतीरावांनी, तो तसाच घेतला. भिंतीवर लावला, हार घातला. तेराव्याला आलेली एक म्हातारी मला म्हणाली, तुझ्या आईनं शेवटी चांगलंचुंगलं नेसलं म्हणायचं. त्या फोटोला मी एकदाही हात जोडलेले नाहीत. कुणाला जोडायचे? निम्मा चेहरा माझ्या आईचा, उरलेली बाई कुठल्या तरी कॅटलॉगमधली. वर्षातनं एकदा आम्ही त्या कॅटलॉगला नैवेद्य दाखवतो. मी कॅमेरा हातात घेतला तो कलेबिलेसाठी घेतलेला नाही. कुणाच्या मानेखाली परकं अंग जोडलं जाऊ नये म्हणून घेतला. हे कुणाला मोठं वाटो, छोटं वाटो. मला तेवढंच येतं.

'मी पुसत नाही,' मी अमृतला म्हटलं.

'म्हणजे?'

'म्हणजे पुसत नाही. जे आहे ते काढते.'

'पण फोटो मला हवाय ना? माझ्या घरात लावायचाय.'

'आणि तोंडं ह्यांची हायत,' मी म्हटलं. माझी भाषा तोवर घसरली होती.

आण्णाप्पांनी मेन स्विच वर केला.

आवाज आला म्हणजे काय झालं हे सांगायला बसलं तर खोटं वाटेल. फरशी पायाखाली थरथरायला लागली, माझ्या दातांत ती थरथर शिरली, धोटा सुटला आणि इकडून तिकडं धावायला लागला, आणि त्या कानठळ्यांमध्ये ती दोघं माणसं घरी आली. दुसरा शब्द नाही. आण्णाप्पांनी नवा शर्ट काढून खुंटीला लावला आणि बनियनवर दोन मागांच्या मधल्या बोळात शिरले. त्यांची पाठ एकदम सैल झाली. मालुबाई खिडकीपाशी कांड्या भरायच्या यंत्रापुढं मांडी घालून बसल्या, दुकानातल्या साडीचा पदर खोचून. आणि ते बोलायला लागले. मी हबकून बघत राहिले. एक शब्द ऐकू येत नव्हता, येणं शक्यच नव्हतं, आणि खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला दोघांचं अखंड चाललं होतं. नुसते ओठ. भुवई, बोट, मान. आवाज न काढता. मालुबाई ओठांनी काहीतरी म्हणाल्या, आण्णाप्पांनी मान उडवली, परत काहीतरी म्हणाल्या, ते हसले, बोटानं रुक्माबाईच्या भिंतीकडं दाखवलं, हवेत केवढासा मध्यम हार काढला. जन्मभर मागाच्या खटखटीत राहिलेल्यांची ही बोली. शांततेत बसवल्यावर यांनी काय बोलायचं होतं? यांचा संसार सगळा आवाजाच्या पोटात झालेला. रोज माग चालू असतोय, ते म्हणाले होते, आणि मी शहाणी पुढचा प्रश्न शोधत होते.

मी कॅमेरा उचलला. चौकटीत खिडकीतला उजेड, मालुबाईंचे हात, पुढं हिरव्या साडीच्या उभ्या धाग्यांचा ताणा, पलीकडं आण्णाप्पांचं तोंड बायकोकडं वळलेलं. आणि चौकट काळी झाली. अमृत पुढं येऊन उभा राहिला होता. लेन्सच्या बरोबर समोर, खिडकी आडवून, हात पसरून. ओरडत होता. त्याची बेंगळुरी मराठी मागानं केव्हाच खाल्ली होती, नुसतं तोंड उघडत-मिटत होतं. मी कॅमेरा खाली घेतला नाही. धक्का देऊन बाजूला करावा असं एक मन म्हणालं. त्याच्या घरात, त्याच्या पैशानं आलेली मी. पण घर कुणाचं हाच तर प्रश्न होता. मी तशीच उभी राहिले, डोळा लावून, काळ्या चौकटीत बघत. जाईन तर हा फोटो घेऊन जाईन, नाहीतर इथंच संध्याकाळ होऊ दे.

तेव्हा मालुबाईंनी पोराच्या पाठीवर एक रिकामी कांडी फेकून मारली. तो वळला. त्या ओठांनी काहीतरी म्हणाल्या. चार-पाच शब्द असतील. चेहऱ्यावर राग नव्हता, कामातली कटकट होती, हात थांबले नव्हते. आणि अमृत बाजूला झाला. विचार करून झाला नाही. लहान पोर होतं तसा झाला, एक पाऊल मागं, खांदा आवळून, भिंतीला पाठ लावून, आणि सवयीनं त्याचेही ओठ हलले, आवाज न करता काहीतरी म्हणाले. खिडकीतला उजेड भसकन आत आला. मी बटण दाबलं, लागोपाठ दाबलं. चौकटीत तिघंही होती.

मंजुश्री माझ्याजवळ होती. तिनं नवऱ्याला बाहीला धरून ओढलं, त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, काय म्हणाल्या? तोही तसाच ओरडून म्हणाला, आणि ते मला ऐकू आलं, कारण माझ्या कानाशीच ते चाललं होतं. '"सरक, उजेडात उभारलायस, धागा दिसंना झालाय." लहानपणी दिवसात धा वेळा म्हणायची.'

'आणि तुम्ही काय म्हणालात?'

त्यानं तिच्या हातातनं बाही सोडवून घेतली. मग त्याला आपण कुठं आहोत ते आठवलं असावं, कारण त्याचा चेहरा परत बेंगळुराला गेला. तो माझ्याकडं आला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोट आपटत ओरडला, 'हे सगळे डिलीट करा. सोफ्यावरचे ठेवा, हसलेले. हे नकोत.'

मी त्याच्यासमोर पडदा धरला. सोफ्यावरचे फोटो पडद्यावर आणले, पहिला ताठ मानेचा, पापणी न हललेला. तो पुसला. पुढचा पुसला. हसलेले आले, पदर तोंडात कोंबलेला, बशी ओठाला लावलेली. बोट क्षणभर अडखळलं, कारण ते वाईट नव्हते. तेही पुसले. मोर, शेवंती, सगळं. तो बघत राहिला, त्याला आधी कळलंच नाही मी कुठले पुसतेय. कळलं तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं. मी त्याच्या हाताकडं बघितलं, नुसतं बघितलं, आणि त्यानं सोडलं. कॅमेऱ्यात आता मागावरचे तेवढे उरले. हिरवी साडी, बनियनवरला बाप, घट्टे पडलेल्या हातांची आई, आणि भिंतीला पाठ लावून उभा असलेला, खांदा आवळलेला, ओठ हलणारा तो.

'दुसरे काढा,' तो ओरडला. 'माग बंद करतो. पुन्हा बसवू त्यांना.'

माझ्या गळ्यात ओरडायला जोर होता. पण त्या घरात ओरडायची गरज नसते एवढं मी त्या सकाळी शिकले होते. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हटलं, न्हाय.

त्या घरचा पोरगा तो. त्याला बरोब्बर कळलं.